सोराग, जाळी आणि गंज : एका खिडकीचा इतिहास

इस्राएलमध्ये आपल्यापैकी बहुतेकांच्या खिडक्यांना लोखंडी जाळ्या आहेत. हिब्रूत त्यांना 'सोरागिम' म्हणतात. अश्दोदला समुद्राच्या वाऱ्याने त्या लवकर तांबूस होतात, दिमोनाच्या कोरड्या हवेत जास्त टिकतात. आम्ही तिघे भावंडे, दोघे भाऊ अश्दोदला आणि बहीण दिमोनाला, या जाळ्यांकडे कधी फारसे लक्ष देत नव्हतो. गेल्या हनुक्काच्या दिवसांत अलिबागजवळच्या आमच्या मूळ गावाहून फोन आला आणि ते लक्ष वेधले गेले.

आम्ही इकडे येण्यापूर्वी वडिलांनी गावचे घर शेजारच्या कोकणी मुसलमान कुटुंबाला विकले होते. त्या घरचा आमच्याहून थोडा लहान मुलगा आता स्वतः आजोबा झाला आहे. आम्ही त्याला भाई म्हणतो. कोकणातले हजारो लोक नोकरीसाठी आखातात गेले, तसा तोही गेला. त्याची वीस वर्षे सौदी अरबस्तानात, जुबैल या औद्योगिक शहरात गेली. काम होते लोखंडावरचा गंज उडवून त्यावर रंग चढवण्याचे. तिकडे या कामगाराला 'ब्लास्टर-पेंटर' म्हणतात.

भाई फोनवर बहिणीला म्हणाला, "ताई, घराची डागडुजी काढली आहे. पोरांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या पाहिजेत. तुमच्या आजोबांनी ओटीवर बसवलेली जाळी पार गंजली. भंगारवाला किलोवर न्यायला तयार आहे. पण मधोमध तुमचं सहा टोकांचं चिन्ह आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय कशी देऊ?"

आमचे आपसात एकमत नव्हते. एकजण म्हणाला, घर आपले नाही, मग जाळी आपली कशी? दुसरा म्हणाला, निदान मधला तारा कापून घेऊ आणि इकडे आणू. बहीण म्हणाली, आधी जाऊन पाहू. तिचेच ऐकले. हिवाळा होता, हवा कोरडी होती. लोखंडाच्या कामाला कोकणात तेच दिवस चांगले.

जाळी काय सांगते

कोकणातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना आधी लाकडी गज असत. सागवानी चौकटीत उभे गज बसवायचे, वारा आत येई आणि जनावर बाहेर राही. मुंबईत आगबोटी आणि रेल्वे आल्या तसे विलायती लोखंड स्वस्त झाले. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्या काही दशकांत मुंबईच्या इमारतींना बिडाचे खांब, जिने, कठडे बसू लागले. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचा तर सगळा सांगाडाच इंग्लंडमध्ये ओतून आणि घडवून जहाजाने आणलेला. ग्लासगोच्या वॉल्टर मॅक्फर्लेन यांच्या सॅरासेन फाउंड्रीतले नक्षीदार ओतकाम जगभरच्या बंदरांत पोहोचत असे. खेड्यात असे ओतीव काम परवडत नव्हते. पण लोखंडाची पट्टी आणि सळई मुंबईहून होडीने रेवसला येई आणि गावचा लोहार भट्टीवर तिला आकार देई.

आमची जाळी अशा लोहारकामाची. तिच्यात एकही वेल्डिंगचा सांधा नाही. जिथे दोन पट्ट्या एकमेकींना भेटतात तिथे रिबीट ठोकलेले आहे, जिथे सळया शेजारी आहेत तिथे पट्टीची छोटी पकड गरम करून आवळलेली आहे. गावात वीज आल्यावर वेल्डिंग आले, म्हणजे जाळी त्याआधीची. दुसरी खूण गंजात होती. जुने घडीव लोखंड मात्र गंजताना लाकडासारखे तंतू दाखवते, उसाचे चिपाड उकलावे तसे. आमच्या जाळीचे गज असेच उकलले होते. घडीव लोखंड आता बाजारात नवे मिळतच नाही. इंग्लंडमधल्या बोल्टनचा त्याचा शेवटचा मोठा कारखाना १९७३ मध्ये बंद झाला.

आणि तो तारा? लहानपणापासून आम्ही त्याला मागेन दाविद म्हणत आलो. पण इतिहास लिहायचा तर खरे लिहिले पाहिजे. सहा टोकांचा तारा दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यावरही आहे, आणि तिथे त्याचा आपल्याशी काही संबंध नाही. भारतातल्या कारागिरांची ती जुनी नक्षी आहे. मागेन दाविद हे साऱ्या ज्यू लोकांचे चिन्ह म्हणून सर्वत्र रूढ झाले ते एकोणिसाव्या शतकात. आजोबांनी लोहाराला मुद्दाम सांगून तारा घडवला, की लोहाराने त्याच्या हाताला बसलेली नक्षी केली, हे जाळी सांगत नाही. आजी मात्र शाब्बाथचा दिवा त्याच खिडकीत ठेवत असे, एवढे आम्हा तिघांनाही पक्के आठवते.

मिश्नातली जाळी

'सोराग' हा शब्द आपल्या लोकांना फार जुना आहे. यरुशलायमच्या दुसऱ्या मंदिराच्या आवारात एक बुटकी जाळीदार भिंत होती, तिचे नाव सोरेग. मिश्नाच्या मिद्दोथ या भागात, दुसऱ्या अध्यायात, तिची माहिती आहे. तिची उंची दहा मुठी होती. ग्रीक राजांनी तिला तेरा ठिकाणी भगदाडे पाडली. पुढे आपल्या लोकांनी ती भगदाडे बुजवली आणि प्रत्येक जागेसमोर एकदा, असे तेरा वेळा वाकून नमन करण्याची रीत ठरवली.

हा तपशील आम्हाला गावी जाताना विमानात आठवला, कारण हनुक्काची कथा त्याच काळची. नुसती दुरुस्ती करून ते थांबले नाहीत, जिथे मोडले होते ती जागाही लक्षात ठेवली. ती जाळी ओलांडून परक्यांनी आत येऊ नये, असे लिहिलेला ग्रीक भाषेतला दगड १८७१ मध्ये यरुशलायममध्ये सापडला. तो आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे सोरेग ही आत-बाहेर वेगळे करणारी वस्तू होती. घराच्या खिडकीची जाळीही तेच करते, पण तिच्यातून शेजाऱ्याशी बोलता येते. आमची आजी भाईच्या आजीशी तिच्यातूनच बोलत असे आणि तिच्यातूनच वाटीभर साखरेची देवघेव होत असे.

लाल समुद्राच्या पलीकडे

भाईने सौदीत वीस वर्षे काढली आणि आम्ही तिथे पाऊल ठेवू शकलो नाही. तरी त्या देशाचा आपल्या लोकांशी आणि लोखंडाशी जुना संबंध आहे. मदिनेत बनू कैनुका ही ज्यू जमात सोनारकामासाठी आणि हत्यारे घडवण्यासाठी नावाजलेली होती, असे अरब इतिहासकार सांगतात. दक्षिणेला येमेनच्या सीमेवर नजरान आहे. तिथे विसाव्या शतकापर्यंत ज्यू कुटुंबे राहत होती. येमेनच्या ज्यूंप्रमाणे धातूचे काम हा त्यांचा पिढीजात धंदा. १९३४ च्या युद्धानंतर ताइफच्या तहाने नजरान सौदी अरबस्तानात गेले. १९४९ मध्ये तिथले ज्यू एडनला आले आणि येमेनी बांधवांबरोबर विमानाने इस्राएलला पोहोचले. एडन १८३९ पासून १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या अमलाखाली होते आणि आपल्या समाजातील काहीजण पलटणीत व कचेऱ्यांत नोकरीसाठी तिथे राहिले होते.

जेद्दाची जुनी वस्ती, अल-बलद, आम्ही फक्त भाईच्या फोनवरच्या चित्रांत पाहिली. समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची उंच घरे, आणि त्यांच्या खिडक्यांना लाकडी जाळीचे मोठे सज्जे. त्यांना तिकडे 'रोशन' म्हणतात. शब्द मूळ फारसी, आपल्या 'रोषणाई'चा नातलग मानला जातो. त्यांतले बरेच सागवान हिंदुस्थानातून समुद्रमार्गे गेलेले. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला आणि जेद्दाचा व्यापार वाढला. १८७२ ते १८८१ या काळात बांधलेले नसीफ यांचे घर तिथले सर्वांत प्रसिद्ध. त्याच्या दारात कडुनिंबाचे झाड आहे. एके काळी शहरात झाडे इतकी कमी होती की लोक त्याला 'झाडाचे घर' म्हणत. १९२५ मध्ये इब्न सौद जेद्दात आला तेव्हा याच घरी उतरला. २०१४ मध्ये युनेस्कोने जुन्या जेद्दाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि आता तिथली घरे एकेक करून दुरुस्त होत आहेत. पोवळ्याच्या दगडात मीठ असते, म्हणून त्यात लोखंड बसवले की ते आतून सडते. भाई म्हणाला, "आपल्या खारट वाऱ्याचा मोठा भाऊच तिकडे राहतो."

त्याच देशात उलटे उदाहरणही आहे. दमास्कसहून मदिनेपर्यंतची हेजाझ रेल्वे १९०८ मध्ये पुरी झाली आणि पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झाली. तिची इंजिने वाळवंटात कित्येक दशके उघड्यावर पडून होती, तरी पार नाहीशी झाली नाहीत, कारण तिथे हवेत ओल नाही. मदाइन सालेहच्या स्टेशनात एक इंजिन डागडुजी करून ठेवले आहे आणि मदिनेच्या स्टेशनात संग्रहालय झाले आहे. लोखंडाला नुसती हवा किंवा नुसते पाणी फारसे खात नाही. दोन्ही मिळाली की गंज सुरू होतो, आणि त्यात मीठ पडले की तो धावतो.

तेल, शेंदूर आणि शाई

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. भिंतीत रुतलेला गज गंजला की तो फुगतो आणि दगडाला, चिऱ्याला तडा देतो. आमच्या ओटीच्या जांभ्याच्या चिऱ्याला असा तडा गेलेला होता. वडील त्याला 'भिंत खचली' म्हणत. भिंत खचली नव्हती, गज फुगला होता.

जुन्या लोकांनी यावर उपाय काढला तो तेलाचा. जवसाच्या तेलात शेंदूर, म्हणजे शिशाची लाल भस्मी, कालवून पहिला हात द्यायचा. पूल, जहाजे, कठडे, जगभर सगळ्यांना हाच लाल हात असे. तेल वाळून घट्ट पातळ कातडे बनते आणि पाण्याला अडवते. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागल्यापासून तेलाच्या घाण्यावर जगले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेले. त्यांनी जाळ्यांसाठी तेल गाळले असे आम्ही म्हणत नाही. पण तेलाने लोखंड राखता येते हे ज्ञान आपल्या आळीत परके नव्हते. आजी विळीचे पाते आणि आडकित्ता पुसून खोबरेल लावल्याशिवाय फडताळात ठेवत नसे.

शेंदूर मात्र विषारी आहे. जुन्या तेलरंगातही शिसे असे. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारा नियम २०१६ चा आहे. म्हणून जुना रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये, जाळून काढू नये. पाणी मारत ओलाच खरवडावा, तोंडाला मास्क लावावा, खाली कागद किंवा प्लास्टिक घालून खरवड गोळा करावी आणि नातवंडांना लांब ठेवावे. भाईने नातवाला दोन दिवस आत्याकडेच धाडले होते.

सगळ्यात नवल वाटले ते काळ्या पाण्याचे. ब्रशने घासूनही खड्ड्यांत थोडा गंज उरतोच. त्यावर लावायचे औषध बाजारात मिळते, त्यात टॅनिन असते. ते लावले की तांबडा गंज बघता बघता निळा-काळा होतो आणि घट्ट बसतो. हिरड्यात हेच टॅनिन असते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करत. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. आणि सोफेर लोक सेफेर तोरा लिहितात ती शाईही मायफळासारख्या गाठींचे टॅनिन आणि हिराकस यांचीच. रब्बी मेईर शाईत 'कन्कन्तुम' घालत, असे तल्मूदात आहे, आणि राशीने त्याचा अर्थ हाच क्षार असा दिला आहे. म्हणजे गंज थांबवणारे काळे पाणी आणि तोरा लिहिणारी शाई नात्यातली निघाली. भाईला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "मग हात धुऊनच लावतो."

आमची चूक

जाळी चौकटीतून काढायला सकाळ गेली. खिळे कुजले होते, सागवान मात्र शाबूत. खरवडताना रंगाचे थर दिसले: वर चॉकलेटी, खाली आकाशी, त्याखाली हिरवा आणि तळाशी शेंदरी. शेंदरी थर जिथे टिकला होता तिथे लोखंड चकचकीत निघाले. सर्वांत वाईट भाग चॉकलेटी थराखाली होता.

तो चॉकलेटी रंग आम्हीच लावला होता. बहिणीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, पाहुणे येणार म्हणून, गंज न काढता एका दुपारी दोन हात मारले. मेहंदीच्या रात्री जाळी नव्यासारखी दिसत होती. पण रंगाखाली अडकलेली ओल आणि मीठ यांनी पुढची सगळी वर्षे आतल्या आत काम केले. खालच्या आडव्या पट्टीवर पावसाचे पाणी साचत असे, तिथले दोन गज पेन्सिलीएवढे बारीक झाले होते. खराब झालेले झाकले की बरे दिसते आणि जास्त खराब होते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले असते तरी आम्ही ऐकले असते की नाही कोण जाणे.

जुबैलला लोखंडावर दाबाने खडी मारतात आणि ते जवळजवळ पांढरे करतात. त्या दर्जाला कामगार 'एसए अडीच' म्हणतात. वाळू वापरली तर तिच्या धुळीने फुप्फुसे निकामी होतात, म्हणून तांब्याच्या भट्टीतली मळी किंवा गार्नेटची भुकटी वापरतात. पण भाईने आमच्या जाळीला मशीन लावले नाही. "हे पाइप नाही, नक्षी आहे. नक्षीचं नाक जाईल," असे म्हणून त्याने तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर घेतला. एक गोष्ट मात्र त्याने तिकडच्या शिस्तीने केली. जेवढे लोखंड सकाळी उघडे केले तेवढ्याला त्याच दिवशी प्रायमर. समुद्रकाठच्या हवेत उघडे लोखंड रात्रीत पुन्हा लाल होते. प्रायमरचे दोन हात झाले, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा, मग वरचा रंग. कडा, सांधे आणि रिबिटांच्या डोक्यांना आधी लहान ब्रशने वेगळा हात, कारण गंज तिथूनच शिरतो. आडव्या पट्टीला खालून बारीक भोके पाडली, पाणी साचू नये म्हणून.

दोन बारीक गज बदलावे लागले. बाजारातला वेल्डर पाच मिनिटांत जोडून देत होता. आम्ही जुना लोहार शोधला आणि रिबीट ठोकून घेतले. वेल्डिंग वाईट असते असे नाही. पण मग पुढच्या माणसाला जाळीचे वय सांध्यावरून कळले नसते.

तारा कुठे राहिला

तारा कापून नेण्याचा विचार आम्ही सोडला नव्हता. तिसऱ्या दिवशी, रंग निघालेला असताना, जाळी अंगणात आडवी ठेवून आम्ही नीट पाहिली. तेव्हा दिसले की सगळ्या मुख्य पट्ट्या ताऱ्याच्या सहा टोकांना येऊन रिबिटाने अडकल्या आहेत. तारा काढला तर जाळी उभी राहणार नाही. लोहाराने तारा शोभेला नव्हे, भार घ्यायला बसवला होता.

भाईच्या मुलाने विचारले की ही खिडकी रस्त्यावरून दिसते, कोणी काही बोलेल का. प्रश्न खोटा नव्हता, आणि आम्हीही गप्प झालो. भाई म्हणाला, "इतकी वर्षे दिसतेच आहे. घर विकत घेतलं तेव्हा खिडकीसकट घेतलं." मुलाने आतल्या दोन खिडक्या सरकत्या करून घेतल्या. ओटीची जाळी जुन्या चौकटीत परत बसली. रंग आम्ही आकाशी निवडला, कारण आजी होती तेव्हा तोच होता. शेवटी भाईने आम्हाला जुना गज दिला, पेन्सिलीएवढा झालेला. तो आता अश्दोदच्या घरी कपाटात आहे. तेरा भगदाडांची आठवण ठेवणाऱ्यांच्या वंशजांना एक गज ठेवायला हरकत नसावी.

वाचकहो, आपल्यातल्या पुष्कळांची गावे आता फक्त आडनावात उरली आहेत. घरे विकली गेली, काही मशिदींना मिन्यान मिळत नाही. पण खिडक्या, कठडे, फाटके अजून कुठे कुठे उभी आहेत आणि त्यांची राखण आपले जुने शेजारी करत आहेत. गावी जाणे झाले तर ती पाहा, सांध्यांचे आणि नक्षीचे फोटो काढा, आणि फोटोच्या मागे गावाचे व आळीचे नाव लिहून ठेवा. जे तिथे बोलायला शेजारी आहेत त्यांना फोन करा. आणि इथे आपल्या सोरागिमवर तांबूस डाग दिसला तर नुसता रंग फासू नका, आधी गंज काढा. निदान एक जाळी आतून सहज उघडते की नाही तेही बघा. घर सांभाळणाऱ्या जाळीने घरातल्या माणसाला कोंडू नये.

या पावसाळ्यानंतर भाईने फोटो पाठवला. पट्टीच्या भोकांतून पाणी गळून गेले आहे आणि जाळीवर डाग नाही. त्याच्या नातवाने खिडकीत कंदील टांगला होता, ईदचा की दिवाळीचा, ते आम्ही विचारले नाही.